कापलेली पट्टी

मागच्या आषाढात, मंगाईच्या यात्रेच्या सुमारास, बेळगावच्या शहापुरातल्या एका गल्लीतून भाजी घेऊन येत होते आणि एका घरासमोर जेसीबी उभा दिसला. घर जुनं, मातीच्या भिंतींचं, पुढं दगडी कट्टा. 2019 च्या ऑगस्टमधल्या पावसात मागची भिंत बसलेली, तेव्हापासून ताडपत्री घालून तसंच ठेवलेलं, आता भावाभावांचं एकमत झालं म्हणून पाडायला काढलं होतं. कट्ट्यावर सामान काढून ठेवलेलं. पितळेचे डबे वेगळे, कारण त्याला भाव येतो, दाराच्या चौकटी वेगळ्या, जुन्या मागाचे दोन धोटे कुणीतरी पोरांना खेळायला दिलेले, आणि सगळ्यात शेवटी, गटारीच्या बाजूला, एका खताच्या पोत्यात फोटो. काचेसकट, फ्रेमसकट, उभे कोंबलेले, वरून पाऊस भुरभुरतोय. मी थांबले. घरातला वीस-बावीस वर्षांचा पोरगा मोबाइल बघत उभा होता, तो म्हणाला, घ्या की काकू पायजे तर, काच बघून हात घाला. मी विचारलं कुणाचे रे हे, तर म्हणाला, आमालाच म्हाईत न्हाई ओ, आज्जा असता तर सांगितला असता. त्याच्या बोलण्यात बेफिकिरी नव्हती, थोडी लाजच होती, म्हणून मला राग धरायलाही जागा मिळाली नाही.

एक फोटो उचलला आणि भाजीच्या पिशवीत मेथीवर आडवा ठेवून घरी आणला.

भजनी मंडळाचा ग्रुप फोटो. मागे 9 जण उभे, मध्ये 8 जण खुर्च्यांवर, खाली सतरंजीवर 6 पोरं. एकूण 23. खुर्चीवरच्या मधल्या माणसाच्या हातात वीणा, त्याच्या शेजारच्याच्या मांडीवर मृदंग, बाकीच्यांच्या हातात टाळ, पण टाळ धरलेत असे की जणू आता कुणीतरी काढून घेणार आहे. डोक्यावर काहींच्या काळ्या टोप्या, काहींचे पटके, दोघांच्या गांधी टोप्या. सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि एकही हसत नाही. खालच्या पोरांत डावीकडच्या शेवटच्या पोराचा पाय हललाय, तिथं पायाऐवजी पांढरट धूर आहे नुसता. फोटो काचेला चिकटलेला. आमच्याकडच्या पावसात हे होतंच, जूनमध्ये भिंत ओली होते ती दसऱ्यापर्यंत वाळत नाही, आणि फोटोवरचं जिलेटिन ओल धरून फुगतं आणि काचेला जाऊन बसतं. अशा वेळी ओढून काढायचा नसतो, काढला की माणसांचे चेहरे काचेवर राहतात आणि हातात कोरा कागद येतो. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी फक्त मागचा कुजलेला पुठ्ठा काढला, कसरीची दोन-तीन पिल्लं पळाली ती झटकली, आणि मग खालच्या कडेकडे बघितलं.

खाली नावांची पट्टी होती. होती म्हणजे, कधीतरी होती. फ्रेमच्या साइजमध्ये बसावा म्हणून कुणीतरी माउंटची, म्हणजे फोटो ज्यावर चिकटवलाय त्या जाड कागदाची, खालची बाजू कापलेली, आणि पातं नेमकं नावांच्या पहिल्या ओळीवरून गेलेलं. वर शिरोरेघ राहिली होती. आणि शिरोरेघेवर वेलांट्या, मात्रे, एक रफार, एक अनुस्वार. खाली अक्षरच नाही. दोरीवर कपडे वाळत घालायचे चिमटे दिसावेत आणि कपडे नसावेत, तसं.

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि त्याचं कारण तो फोटो नव्हता.

आमच्या माहेरी, वडगावात, सोप्यात असाच एक फोटो होता. विणकरांच्या सोसायटीचा, त्यात माझे आजोबा. मी लहान असताना तो इतका उंच लावलेला की मला त्यातले फक्त बूट नीट दिसायचे, आणि बूट मोजके तिघांच्या पायात, बाकी सगळे अनवाणी. लग्न होऊन बरीच वर्षं झाल्यावर घराला रंग काढला तेव्हा मीच हौसेनं तो फोटो नवीन फ्रेमला नेला. पॉलिश केलेली, सोनेरी काठाची, दारावरच्या देवाच्या फोटोला जोडीची साइज. दुकानदारानं विचारलं, खालची पट्टी जात्येय ओ ताई, चालतंय नव्हं? मी म्हटलं, चालतंय की. घरी आणून लावला, आईला आवडला. वडील बराच वेळ खाली उभं राहून बघत होते. मग एवढंच म्हणाले, खाली नावं होती बाळा. आणि आत जाऊन टीव्ही लावला. आता वडीलही नाहीत. त्या फोटोतले आजोबा सोडून मला एकाचंही नाव सांगता येत नाही, आणि ती पट्टी बहुतेक त्या दुकानाच्या केरात गेली. पोत्यातल्या फोटोची कडा बघितली आणि ते माझंच "चालतंय की" ऐकू आलं.

तेव्हापासून रविवारचं हे सुरू झालं. सुरुवातीला काही ठरवलेलं नव्हतं, फक्त हा 23 जणांचा फोटो घेऊन ओळखीच्या म्हाताऱ्या माणसांकडे जायचं. पण एका घरात एक फोटो घेऊन गेलं की ती माणसं आतून अल्बम आणतात, ट्रंक उघडतात, चहा येतो, शेजारची काकू तिचाही अल्बम घेऊन येते. शहापूर, वडगाव, अनगोळ, मग कुणाच्या पाहुण्यांमुळे येळ्ळूर, कडोली, एकदा तर खानापूरच्या पुढं नंदगडला. मी शाळेत शिकवते, माझ्याकडे मोठी साधनं नाहीत, मुलीचा एक साधा स्कॅनर आहे तो पिशवीत घालून नेते. 600 डीपीआयला स्कॅन करायचं, काचेला चिकटलेला असेल तर काचेसकटच, मूळ फोटो तिथल्या तिथं परत द्यायचा, घरी आणायचा नाही. मागं लिहायचं तर मऊ पेन्सिलनं, बॉलपेननं लिहिलं की पुढच्या बाजूला वळ उठतात आणि शाई उतरते. ह्या गोष्टी चुका करत करत शिकले. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला तर त्याचा जीव जातो, चेहरा मोठा करून बघायला गेलं की नुसते चौकोन, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला लागतो, हे तर मी आता दर घरात सांगते. आणि लॅमिनेशन. एकेकाळी सगळ्यांनीच प्रेमानं फोटो लॅमिनेट करून घेतले, चांगले राहतील म्हणून, आणि प्लॅस्टिकच्या आत ते पिवळे पडत चाललेत, काढताही येत नाहीत. चिकट पानांच्या अल्बमचंही तेच. ज्यांनी सगळ्यात जास्त जपलं त्यांचेच फोटो जास्त गेले, हे बघून फार वाईट वाटतं. उलट एका घरात डांबरगोळ्यांच्या वासाच्या ट्रंकेत, शालूच्या घडीत नुसते ठेवलेले फोटो कालच काढल्यासारखे.

त्या फोटोंतून जे दिसतं ते मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. स्टुडिओतला तो मागचा पडदा, कमान, जिना, लांब तळं, एका बाजूला कुंडी. नवीन लग्न झालेली जोडपी, त्यातली बाई उभी आणि माणूस खुर्चीवर. एक काळा कोट मला तीन वेगवेगळ्या घरांत सापडला. तीन माणसं, एकमेकांची कुणी नव्हेत, एक अनगोळचा शेतकरी, एक मागावरचा, एक रेल्वेत लागलेला, आणि तिघांच्याही अंगात तोच कोट, खालून दुसरं बटण नसलेला. म्हणजे कोट स्टुडिओचा. तिघांनी आयुष्यात एकदा तो घातला, आणि तिघांच्या घरी तोच फोटो हार घालून भिंतीवर आहे, नातवंडांना वाटतं आज्जा कोट घालायचा. शेतकऱ्याच्या घरी मी हे बोलले नाही. बोलायला काय हरकत होती असं परत येताना वाटलं, आणि नाही बोलले ते बरंच केलं असंही वाटलं.

बायकांचे फोटो कमी. लग्नातला एक, मग एकदम नातवाच्या बारशाचा, मधली तीस वर्षं नाहीतच. एका काकूंचा एकट्यांचा फोटो सापडला तोही रेशन कार्डासाठी काढलेला. आणि मागावर बसलेल्या माणसाचा फोटो मला वर्षभरात फक्त एक मिळाला. विचार करा, अख्खं वडगाव दिवसभर खटक-खटक करायचं, आम्ही त्या आवाजात झोपायचो, आवाज थांबला की जाग यायची, खड्ड्यातल्या मागावर बसून माणसांच्या कमरा गेल्या, आणि त्या कामाचा फोटो नाही. कारण फोटो काढायचा म्हणजे काम बंद करायचं, आंघोळ करायची, इस्त्रीचं धोतर नेसायचं. जे रोज दिसतं त्याचा कोण फोटो काढणार. याउलट 1924 च्या काँग्रेस अधिवेशनाचे फोटो आमच्याकडे किती घरांत आहेत. गांधीजी अध्यक्ष झाले ते आयुष्यात एकदाच, आणि ते आमच्या टिळकवाडीत, त्यामुळे अभिमान वाटणारच, मलाही वाटतो. 2024 च्या डिसेंबरात शंभर वर्षं झाली तेव्हा शहरभर रोषणाई होती, ते फोटो मोठे करून लावले होते, मी मुलीला घेऊन काँग्रेस विहिरीपर्यंत चालत गेले होते. त्या गर्दीच्या फोटोंत मागं अंधुक डोकी दिसतात. आमच्या भागातल्या निम्म्या घरांत म्हणतात, त्यातलं एक डोकं आमच्या पणजोबांचं. असेलही.

आणि मग दुसरे फोटो, सीमालढ्याचे. ते अल्बममध्ये नसतात, कपाटात वरच्या फळीवर वेगळ्या पाकिटात असतात, आणि काढताना घरातला माणूस एकदा दाराकडे बघतो. 1 नोव्हेंबरच्या मूक फेऱ्या, काळे झेंडे, 17 जानेवारीला हुतात्म्यांना फुलं वाहताना, 1986 च्या जूनमधली कन्नडसक्तीविरोधातली गर्दी. 1956 ला आमचा भाग म्हैसूर राज्यात गेला ते काय, हे मी कुणाला सांगायला नको, ज्यांच्या घरात घडलं त्यांना माहीत आहे आणि ज्यांच्या नाही त्यांनाही. एका घरात एका आजोबांनी मला तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांचा फोटो दाखवला, कपाळाला गुलाल, डोळे मात्र थकलेले, आणि म्हणाले, स्कॅन कर, पण माझं नाव कुठं घालू नको, नातू सरकारी नोकरीत आहे. मी बरं म्हटलं. तो फोटो माझ्याकडे नाव नसलेला आहे, आणि हे नाव कुणी कापलेलं नाही, त्यांनी स्वतः काढून ठेवलंय. त्या फाइलला मी काय करू मला अजून कळलेलं नाही. मी नावं गोळा करत फिरते आणि एक माणूस म्हणतो, माझं घालू नको, तर त्याचंही ऐकायलाच पाहिजे.

आणखी एक. आमच्याच गल्लीतल्या एका घरी लग्नाचा फोटो होता, नवरीला मुंडावळ्या, हिरवा चुडा, मी बघितल्या बघितल्या म्हटलं हे आपलेच. मागं बघितलं तर कन्नडमध्ये लिहिलेलं. मला छापील कन्नड वाचता येतं, शाळेत होतंच, पण हातचं, पळत्या अक्षरातलं लागत नाही. आमच्या शेजारी बैलहोंगलकडच्या अक्का राहतात, त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, वाचलं, "नम्म मगळ मदुवि", आणि म्हणाल्या, आमच्या मुलीचं लग्न असं लिहिलंय बघा, किती गोड लिहिलंय, नाव नाही, तारीख नाही, नुसतं आमच्या मुलीचं लग्न. आम्ही दोघी बराच वेळ त्या नवरीकडे बघत बसलो. विणकरांच्या घरांत घरी एक भाषा आणि बाजारात दुसरी हे तर माझ्या आजीच्या घरीही होतं, ती देवाशी मराठीत बोलायची आणि चिडली की कन्नडमध्ये. बेळगावचं बेळगावी झालं 2014 ला, पाट्या बदलल्या, तरी जुन्या फोटोत मागं दुकानांच्या पाट्या दिसतात त्या मी भिंग घेऊन वाचते, मराठी, कन्नड, इंग्रजी, एकाच दुकानावर तिन्ही. आमचं शहापूर तर स्वातंत्र्याआधी सांगली संस्थानात, म्हणजे ब्रिटिशांच्या बेळगावातून चालत चालत दुसऱ्या राज्यात यायचं, तेही संध्याकाळच्या फिरण्यात. सीमा आमच्या पायाखालून किती वेळा सरकली. फोटोतली माणसं जिथल्या तिथं उभी.

तर तो 23 जणांचा फोटो. वर्षभरात 6 नावं मिळाली होती, त्यातली दोन भांडणाची, म्हणजे एका घरात म्हणतात हा आमचा, दुसऱ्या घरात म्हणतात हा आमचा. वीणेवाल्याला सगळे ओळखतात पण नाव कुणाला येत नाही, सगळे म्हणतात "वीणेकरी". मग या ज्येष्ठात कुणीतरी सांगितलं की वडगावात अमुक बोळात एक आज्जी आहेत, नव्वदीच्या, त्यांच्याकडे जा. गेले. घरात मागाचा खड्डा अजून आहे, त्यावर फळ्या टाकून गॅसचा सिलिंडर ठेवलाय. आज्जी कॉटवर, पाय सुजलेले, पण डोळे लख्ख. सून म्हणाली, सकाळपासून चार वेळा विचारलं, ती बाई आली काय म्हणून.

मी फोटो त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चेहऱ्यांकडे बघितलंच नाही. अंगठा सरळ खालच्या कडेवर ठेवला आणि म्हणाल्या, हितं नावं होती की. कुणी कापला?

मी गप्प.

"हे मठात होतं बघ, भजनाच्या खोलीत. मी झाडाय जातो व्हतो थितं, सात-आठ वर्साचा असंन." (आमच्याकडे बायका अशाच बोलतात, येतो, जातो, करतो. मी लिहिताना येते-जाते लिहिते, पण आईशी फोनवर बोलताना मीही जातोच म्हणते.) "शाळंला मला कोण धाडतंय. भाऊ जायचा शाळंला. तो ह्या नावावर बोट ठिवून मला अक्षर सांगायचा. मी ह्येच्यावर वाचाय शिकलो." आणि मग त्यांनी डोळे मिटले आणि म्हणायला लागल्या. खुर्चीवरची ओळ, डावीकडून. लहान पोरं पाढे म्हणतात त्या चालीत, नाव, बापाचं नाव, आडनाव, मध्ये श्वास नाही. मी पिशवीतून भिंग काढलं आणि त्या कापलेल्या कडेवर धरलं. पहिल्या नावात शेवटी एक वेलांटी, होती. दुसऱ्यात मात्रा. तिसऱ्या नावावर रफार यायला पाहिजे होता, आणि तिथं रफार होता. माझ्या अंगावर काटा आला. चौथ्यात अनुस्वार. चौथा म्हणजे वीणेकरी. आठही नावं त्यांनी म्हटली आणि आठही त्या शिरोरेघेखाली जाऊन बसली. नावं मी इथं देत नाही, त्यांच्या घरी जाऊन सांगितल्याशिवाय द्यायला नकोत, पण सून तोंडाला पदर लावून उभी होती, ती म्हणाली, आत्तीनी हे आमाला कधी म्हटला न्हाई. आज्जी म्हणाल्या, कुणी इचारलं न्हाई.

उभ्या ओळीतली चार त्यांना आली, बाकी फ्रेमच्या लाकडात झाकली होती म्हणाल्या, वाचायलाच मिळाली नाहीत. मी विचारलं, आणि ही खाली बसलेली पोरं?

"पोरांची नावं कोण लिवतंय. जागा कुठली."

मग बोट त्या हललेल्या पायावर नेलं. थोडा वेळ तिथंच ठेवलं. "ह्यो भाऊ माझा. ह्येला फोटोवाल्यानं धा बार सांगिटलं हलू नको म्हणून. मुंगी चावली म्हणाला घरी यून." त्यानं तिला सगळ्यांची नावं वाचायला शिकवली त्या पट्टीवर त्याचं स्वतःचं नाव कधी नव्हतंच. पुढं तो काय झाला ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, सुनेनं मागून मान हलवली म्हणून.

मी फोटो उलटा केला, माउंटच्या मागच्या बाजूला खालच्या पोरांसाठी 1 ते 6 आकडे घातले, आणि पहिल्या आकड्यापुढं लिहिणार एवढ्यात त्यांनी हात पुढं केला. दे हिकडं, मी लिवतो. पेन्सिल त्यांनी मुठीत धरली, चमचा धरतात तशी. फोटोखाली आधाराला मी माझी वही दिली. बाहेर पाऊस वाढला होता, पन्हाळीतून पाणी पडत होतं, सुनेनं लाइट लावला. आज्जींनी आधी अक्षर काढलं नाही. आधी शिरोरेघ ओढली, हळूहळू, कडेपर्यंत, नावाला लागेल त्यापेक्षा कितीतरी लांब, आणि मग तिच्याखाली एकेक अक्षर लावायला घेतलं.